एक्सल रुंद म्हणून मजबूत होत नाही

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महिन्यापूर्वी एका अमेरिकन जीपचे छायाचित्र आले होते. लाल खडकावर तिरकी उभी, चाके अंगाबाहेर वीतभर आलेली. खाली एक ओळ होती: 'ट्रकचे रुंद एक्सल बसवल्याने जीप जास्त मजबूत होते.' (एक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधला आडवा आस.) लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसणार. पण तेव्हापासून माझ्या दारात पोरे येऊ लागली आहेत. परवा एकाने थेट विचारले, "काका, थारला टेम्पोचा एक्सल बसवून द्याल का? पेपरात आलंय." म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कात्री तुमच्या हातात आहे.

मी १९७६ साली एस.टी.च्या कराड आगारात हेल्पर म्हणून लागलो आणि २०१० साली हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. मधली ३४ वर्षे गाडीखाली गेली. आता घरामागे पत्र्याची शेड आहे, एक लेथ आहे, आणि हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून ओळखीपाळखीची कामे करतो. छायाचित्रातल्यासारखी जीप मी नुसती पाहिलेली नाही. गेल्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शनला मुलाकडे होतो, तेव्हा तशी एक जीप माझ्या हाताखालून गेली. आमच्या सौ. म्हणाल्या, "एवढा समुद्र ओलांडून आलात आणि परत गाडीखालीच शिरलात." खोटे नव्हते.

मुलगा तिथे रस्ते-पुलांच्या कामावर इंजिनिअर आहे. त्याच्याकडे १९९९ सालची जीप रँग्लर आहे, तिथे तिला टीजे म्हणतात. चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, पाच गिअर. त्या गावापासून १८० किलोमीटरवर युटा राज्यात मोआब आहे. आपल्या जोतिबाची चैत्र यात्रा असते त्याच सुमारास, ईस्टरच्या आठवड्यात, तिथे जीपवाल्यांची जत्रा भरते. सगळा मुलूख तांबड्या वालुकाश्माचा. त्या दगडावर रबर असे धरते की आपल्या पावसाळी कातळावर सवय झालेल्या माणसाला विश्वास बसत नाही. आणि तिथेच घोळ होतो. चाक घसरले तर एक्सल वाचतो. चाक घसरत नाही, इंजिन ढकलते आहे, गाडी अडकली आहे, अशा वेळी जो भाग सगळ्यांत अशक्त तो तुटतो.

मी जायच्या आदल्या वर्षी मुलाच्या जीपचा मागचा शाफ्ट, म्हणजे एक्सलच्या आत फिरून चाकाला जोर देणारा दांडा, असाच तुटला. दोष कंपनीला देणार नाही. मूळ गाडी २८ इंची टायर धरून बनवलेली, यांनी हौसेने ३५ इंची घातले. म्हणजे चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचा दांडा सव्वापट लांब झाला, आणि शाफ्टला पीळही तेवढाच जास्त. शाफ्ट तुटणे हे मेकॅनिकला नवे नाही. मला नवल पुढचे वाटले. शाफ्टचा तुकडा चाकासकट बाहेर आला आणि गाडी दगडावर बसली.

याचे कारण समजले की पुढचे सगळे समजते, म्हणून जरा थांबून सांगतो. हलक्या गाड्यांत मागचा शाफ्ट दोन कामे करतो. चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. काही एक्सलमध्ये तो आतल्या टोकाला एका सी आकाराच्या लहानशा चकतीने अडकवलेला असतो. शाफ्ट मधेच तुटला की बाहेरचा तुकडा धरून ठेवणारे काही उरत नाही. बस आणि मोठ्या ट्रकचे तसे नसते. त्यांच्या हाऊसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या लोखंडी कवचाच्या, टोकाला जाड स्पिंडल (न फिरणारी नळी) असतो, त्यावर दोन बेअरिंग, बेअरिंगवर हब (चाकाचा तुंबा) आणि हबवर चाक. वजन सगळे हाऊसिंगवर. शाफ्ट आतून नुसता फिरतो, बाहेर त्याची फ्लँज हबला बोल्टने धरलेली. याला फुल फ्लोटिंग म्हणतात. कुंभार्ली घाटात चिपळूणच्या रात्रीच्या गाडीचा शाफ्ट तुटल्याचे निरोप मला किती वेळा आले असतील! गाडी जागेवर उभी, चाके जागेवर, प्रवासी रस्त्याकडेला बिड्या ओढत. आम्ही जीपमधून नवा शाफ्ट घेऊन जायचो. बाहेरचा तुकडा ओढून काढायचा, आतला अडकला असेल तर दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून लांब सळईने ढकलायचा, नवा सरकवायचा, बोल्ट आवळायचे. चाक काढायचे नाही, जॅकसुद्धा लावायचा नाही. तासाभरात गाडी चिपळूणच्या वाटेला.

तर अमेरिकेतले हौशी लोक ट्रकचा एक्सल शोधतात तो या गुणासाठी. जाड शाफ्ट, मोठा क्राऊन (एक्सलच्या आत शाफ्टला फिरवणारे दातेरी चाक), वजन हाऊसिंगवर. रुंदी त्यांना नको असते. ती एक्सलबरोबर येते, कारण एक्सल रुंद ट्रकखालून काढलेला असतो. ज्यांना परवडते ते हाऊसिंगची नळी कापून, शाफ्ट आखूड करून पुन्हा जोडूनही घेतात. आकडे पाहा. मुलाच्या जीपचा पुढचा जुना एक्सल डाना ३० नावाचा, त्याच्या क्राऊनचा व्यास सात इंचांहून किंचित जास्त. नवा बसवला तो डाना ६०, क्राऊन पावणेदहा इंच. जुना शाफ्ट १.२ इंचाच्या आसपास जाड, नवा दीड इंच. जाडी सव्वापट झाली, पण पीळ सोसायची ताकद जाडीच्या घनाने वाढते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. या हिशेबात लांबी कुठेच येत नाही. उलट तेवढ्याच जाडीची नळी लांब केली तर ती लवकर वाकते. आपल्या ओळीत 'रुंद' या शब्दाच्या जागी 'जाड' असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

पुढचा एक्सल डेल्टा नावाच्या गावाजवळ एका शेतकऱ्याकडे मिळाला. १९८८ सालचा फोर्ड एफ-३५० ट्रक, समोर बर्फ सारायचा नांगर लावलेला, बॉडी गंजून चाळणी झालेली. दीड हजार डॉलर सांगितले, तेवढेच घेतले. तिथे घासाघीस करायला माझे इंग्रजी पुरले नाही. मागचा एक्सल शेव्हरोले ट्रकचा, त्याला चौदा बोल्टवाला म्हणतात. क्राऊन साडेदहा इंच, आणि पिनियनच्या (क्राऊनला फिरवणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) आतल्या टोकालाही तिसरे बेअरिंग. तो भंगारात अडीचशे डॉलरला पडला होता. दोन वेगळ्या कंपन्यांचे एक्सल एका जीपखाली कसे, असे कोणी विचारेल. दोघांच्याही हबला आठ बोल्ट आणि बोल्टच्या वर्तुळाचा व्यास साडेसहा इंच, म्हणजे १६५ मिलिमीटर, म्हणून जमले. फोर्डने १९९९च्या मोठ्या ट्रकपासून तेच वर्तुळ १७० मिलिमीटर केले. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण रिम बसत नाही.

फोर्डचाच पुढचा एक्सल का, तर डिफरन्शियलच्या गोळ्याची, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्यात बसतात त्या फुगवट्याची, बाजू. टीजेच्या ट्रान्सफर केसमधून (इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीतून) तो जोर पुढे नेणारा प्रोपेलर शाफ्ट डावीकडून निघतो, तेव्हा एक्सलचा गोळाही डावीकडे हवा. शेव्हरोलेच्या त्या काळच्या पुढच्या एक्सलचा गोळा उजवीकडे असतो. ते न बघता स्वस्त मिळाला म्हणून उजवा उचलून आणणारे तिथेही आहेत. मुलाच्या शेजारच्या गॅरेजात असा एक दोन वर्षे पडून आहे आणि त्यावर मांजर झोपते.

ते गॅरेज एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या डिझेल मेकॅनिकचे. वय माझ्याएवढेच. त्याला माझे बोलणे कळत नव्हते, मला त्याचे. पण पुढचे चाक वळवणाऱ्या सांध्याला तो 'नकल' म्हणायचा आणि मीही 'नकल'च म्हणायचो. तो सांधा ज्या खुंटीवर वळतो तिला तो 'किंगपिन' म्हणायचा, मीही 'किंगपिन'. आयुष्यभर जे शब्द आपले समजून वापरले ते सगळे तिकडचेच निघाले. अकरा शनिवार-रविवार आम्ही दोघे म्हातारे गाडीखाली आणि मुलगा कॉम्प्युटरवर भाग मागवायला.

टेप लावली तेव्हा मूळ एक्सल हबपासून हबपर्यंत साधारण साडेसाठ इंच भरला, फोर्डचा ६९ इंच. म्हणजे दर बाजूला चार इंचांवर चाक बाहेर. आता इथे पोरांनी लक्ष द्यावे. साधी, तोंड बाहेर काढलेली रिम लावली असती तर जीप टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत ८२-८३ इंच झाली असती. मुलाने सेनादलातून निकालात निघालेल्या हम्वी या लष्करी गाडीच्या रिमा आणल्या. त्यालाही आठ बोल्ट, साडेसहा इंची वर्तुळ. पण त्या रिमची बसायची जागा सात इंच आत, म्हणजे टायर आतल्या बाजूला सरकतो. त्यावर ३७ इंची टायर घालून जीप ७७ इंचांत बसली. मूळची ६७ होती. फायदा नुसता रुंदीचा नव्हे. किंगपिनच्या रेषेपासून टायरचा मध्य जितका लांब, तितका खड्ड्यातला प्रत्येक दणका स्टिअरिंगमधून मनगटात येतो आणि बेअरिंगवर तरफेसारखा भार पडतो. रुंद एक्सल करूनसुद्धा जाणती माणसे टायर आत घ्यायला बघतात, आणि आपल्याकडे मूळ एक्सल तसाच ठेवून हब आणि रिमच्या मधे स्पेसर (चकती) घालून टायर बाहेर काढतात. गंगेला उलटे वळण ते हेच.

हम्वीच्या रिमबद्दल एक सांगायचे राहील. ती दोन तुकड्यांची असते, बोल्टने जोडलेली. हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या बोल्टना पाना लावायचा नाही. लॉकिंग रिंगची चाके भरताना एस.टी.त आम्ही पिंजऱ्यात ठेवून हवा भरायचो, आणि पिंजरा नसेल तिथे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे ते दोन तुकड्यांच्या रिमशी चेष्टा करत नाहीत. मुलाला मी व्हॉल्व्हची पिन काढून तारेने आत मळ नाही ना, हे बघायला लावले. तो वैतागला. वैतागू दे.

सगळ्यांत जास्त वेळ वेल्डिंगने खाल्ला. ट्रकच्या एक्सलवर पाट्यांच्या बैठका असतात, टीजेला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आणि आर्म आहेत. जुन्या बैठका गॅस कटरने काढून नव्या जोडायच्या. उजवीकडे लांब नळी आहे, तिथे काम सरळ. डावीकडे गोळ्याशेजारी नळी उरतेच बोटभर, त्यामुळे स्प्रिंगची बैठक ओतीव लोखंडावर येते. ओतिवाला साध्या रॉडने टाका मारला तर त्या वेळी छान दिसतो आणि थंड होताना शेजारून बारीक तडा जातो. तो तडा महिन्याने कळतो, तोही गाडी चालताना. आम्ही गोळ्याचा तेवढा भाग बर्नरने हात लावता येणार नाही इतका तापवला, निकेलचा रॉड वापरला, दोन-दोन इंचांचे टाके मारले, प्रत्येक टाका हातोडीने ठोकून घेतला आणि वरून काचेच्या लोकरीची जाड गोधडी टाकून रात्रभर निवू दिला. कराडला आम्ही कोरडा चुना वापरायचो. शेजारचा म्हातारा सकाळी येऊन गोधडीखाली हात घालून बघून गेला. अजून कोमट होते. त्याने अंगठा दाखवला.

मग कोन. पुढचा पिनियन ट्रान्सफर केसकडे वळवावा तर किंगपिनचा मागचा झुकाव बिघडतो, स्टिअरिंग सरळ परत येत नाही. झुकाव राखावा तर प्रोपेलरचा क्रॉस (सांधा) तिरका पडतो. फोर्डच्या त्या एक्सलचा पिनियन वरच्या बाजूला आहे, म्हणून थोडक्यात निभावले. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि एक्सलला आडवा धरणारा दांडा हे दोन्ही एकाच कोनात आणि जवळजवळ सारख्या लांबीचे ठेवावे लागतात. नाहीतर खड्ड्यात चाक वर गेले की गाडी आपोआप वळते. पहिल्या खेपेला आमचे कोन जुळले नाहीत. सुनेला शेजारी बसवून मुलगा गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा सूनबाई उतरून काही न बोलता घरात गेल्या. दांड्याची बैठक कापून पुन्हा बसवली.

ब्रेकचेही तसेच. ट्रकच्या कॅलिपरचे (चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मोठे, ते भरायला तेल जास्त लागते, जीपचा मास्टर सिलिंडर तेवढे ढकलत नाही. पेडल पायाखाली मऊ जाते आणि तळाला टेकते. मोठ्या बोअरचा मास्टर सिलिंडर घालावा लागला. हे छायाचित्रात दिसत नाही. तसेच क्राऊन-पिनियनचे. २८ इंची टायरला ३.७३ चा रेशो होता, म्हणजे पिनियनचे तेवढे फेरे झाले की क्राऊनचा एक. ३७ इंचीला तीच ओढ हवी तर गणिताने ४.९३ येतो. वजन वाढले म्हणून आम्ही ५.१३ घेतला, पुढे आणि मागे दोन्हीकडे. फोर-व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा रेशो एक नसेल तर दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडत राहतात आणि शेवटी काहीतरी फुटते. सगळे मिळून सहा हजार डॉलरच्या वर गेले, दोन म्हाताऱ्यांची मजुरी धरलेली नाही.

आणि गाडी कशी झाली? खरे सांगतो, डोंगरात उत्तम. सप्टेंबरात मोआबला हेल्स रिव्हेंज नावाच्या वाटेवर गेलो. नावाचा अर्थ मुलाने सांगितला तेव्हा सौ. गाडीतून उतरल्या आणि पुढचा भाग पायीच चालल्या. आडव्या उतारावर जुनी जीप जिथे पोटात गोळा आणायची तिथे ही बसलेल्या म्हशीसारखी निवांत. मला मागे वजन कुठे पडते आहे ते बसल्या जागी कळत होते. एकदा मागचे चाक कपारीत अडकले, इंजिन दाबले, नळीतून कण्हल्यासारखा आवाज आला, आणि गाडी वर चढली. जुना शाफ्ट तिथेच गेला असता.

पण ऑगस्टमध्ये टेल्युराइड गावाच्या वरच्या ब्लॅक बेअर पासला गेलो होतो तेव्हा दुसरी बाजू दिसली. १२,८०० फुटांवरची खिंड, उतरायची वाट एकेरी, कडेला कठडा नाही, आणि खाली गाव दिसते ते विमानातून दिसावे तसे. वळणे कुंभार्लीपेक्षा कितीतरी तोकडी. दोन एक्सलमधले अंतर आखूड असल्याने अशी जीप जिथे एका दमात किंवा एकदा मागे घेऊन वळते, तिथे आम्हाला तीन-तीनदा मागे-पुढे करावे लागले. टायर आत घेतल्यामुळे पूर्ण वळवला की आर्मला घासतो, म्हणून नकलचे स्टॉपर पुढे घेतलेले; चाक कमी वळते. त्यात दहा इंच जास्तीची रुंदी. एका वळणावर बाहेरच्या चाकाशेजारी किती जागा उरली ते बघायला मी उतरलो. उरलेली जागा माझ्या पंजाएवढी होती. मी मुलाला ती सांगितली नाही, नुसते "ये, ये" म्हणत राहिलो. आगारात गाडी मागे घेताना म्हणायचो तसेच.

साध्या रस्त्यावरही सांगण्यासारखे आहे. एक्सल स्प्रिंगच्या खाली असतो. तो जड झाला आणि वरची गाडी हलकीच राहिली, की खड्ड्यातून चाक उडते ते वरच्या गाडीला घेऊन उडते. ट्रकला ते वजन पेलते, दीड टनाच्या जीपला जाणवते. मुलगा आता ऑफिसला सायकलने जातो.

आता आपल्या पोरांकडे येतो. पहिली गोष्ट, अमेरिकेत हे काम जमते कारण तिथे पुढच्या चाकांनाही जोर असलेले मोठे ट्रक शेतकऱ्यापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांकडे होते आणि ते आता भंगारात आले आहेत. आपल्या रस्त्यावरचा टेम्पो मागच्या चाकांवर चालतो. त्याचा पुढचा एक्सल म्हणजे नुसता लोखंडी दांडा. त्यात गोळा नाही, क्राऊन नाही, शाफ्ट नाही. तो जीपला लावला तर फोर-व्हील गाडीची टू-व्हील गाडी होईल. मागचाच तेवढा लावला तर रेशो पुढच्याशी जुळणार नाही. त्याचे काय होते ते वर लिहिले आहे. आणि दारात आलेल्या त्या पोराची थार २०२० नंतरची. तिच्या पुढे अख्खा एक्सलच नाही, दोन्ही चाके स्वतंत्र आहेत. मी त्याला विचारले, "कुठला काढून कुठला बसवू?" तो गाडीखाली वाकला, बराच वेळ बघत राहिला.

दुसरी, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेला आणि नोंदणी पुस्तकात असलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. पुढचा एक्सल, मागचा एक्सल, टायर, ब्रेक, स्टिअरिंग. ज्याने त्याने आपापले मोजावे. शर्यतीसाठी ट्रॉलीवर नेऊन खासगी जागेत चालवायची गाडी हा वेगळा विषय आहे. पण जी पोरे माझ्याकडे येतात ती त्याच गाडीतून कॉलेजला जातात आणि रविवारी कास पठाराकडे.

तिसरी गोष्ट स्पेसरची. पेपरातला फोटो बघून सहा हजार डॉलर खर्च करणारा आपल्याकडे क्वचित. आठशे-हजार रुपयांची ॲल्युमिनियमची चकती घालून चाक दोन इंच बाहेर काढणारे गल्लोगल्ली. मारुतीने १९९३ साली जिप्सीची चाके रुंदावली तेव्हा दोन चाकांमधले अंतर वाढवले ते सगळे मिळून ९० मिलिमीटर, म्हणजे दर बाजूला पावणेदोन इंच. तेही कारखान्यात, एक्सलच तसा बनवून. आपण त्याहून जास्त एका दुपारी करतो, चार नटांच्या भरवशावर. माझ्या शेडमध्ये गेल्या दिवाळीपासून तीन गाड्यांची हब बेअरिंग निळी पडलेली आली. तिन्हींना स्पेसर होते. बेअरिंग बदलून दिले, स्पेसर काढून ठेवले. दोघे ते मागायला परत आले नाहीत. तिसरा आला, त्याला मी चहा पाजला.

आपल्याला विनंती एवढीच की, अशी छायाचित्रे छापताना खालची ओळ एखाद्या गाडीखाली झोपलेल्या माणसाला दाखवून घ्यावी. कराडात तरी माझ्यासारखे पाच-सहाजण अजून आहेत, पैसे मागणार नाहीत. मुलाकडून त्याच्या जीपचे फोटो मागवले आहेत, त्यात गोळ्याशेजारच्या त्या वेल्डचा एक जवळून काढलेला आहे. हवे असल्यास पाठवतो. तो दिसायला फार बरा नाही, पण छापायचा तर तोच छापा.

थारवाल्या पोराने आता थार घरी ठेवली आहे आणि आजोबांची जुनी महिंद्राची एम.एम. ५४० जीप बाहेर काढली आहे. तिला पुढे अख्खा एक्सल आहे. तिच्या स्टिअरिंगला अर्धा फेरा मोकळा फिरतो, डाव्या नकलमधून ग्रीस गळते आणि पुढचा फोर-व्हीलचा लिव्हर गंजून बसला आहे. रुंद करायचे बोलणे त्याने अजून सोडलेले नाही. मी म्हटले आहे, येत्या रविवारी आण, आधी किंगपिनची बेअरिंग उघडून बघू.

आपला,
एस.टी.चा एक निवृत्त हेड मेकॅनिक, कराड
(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, कृपया छापू नये.)